जहाजाच्या बुडाचं शेवाळ

एकोणीसशे छत्तीस साली दिवाळीच्या सुट्टीत नूरमहंमद लोणावळ्याजवळ वलवणला घरी आला, तो काचेची टाकी आणि समुद्राच्या पाण्याच्या चार बरण्या घेऊनच. मुंबईच्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्र शिकवायचा. माझगावच्या गोदीत एका परदेशी जहाजाच्या बुडाला तांबूस, अनोळखी शेवाळ चिकटून आलं होतं. आपल्याकडच्या शेवाळावर राहणारे बारीक जीव, तांदळाएवढ्या गोगलगायी, कोळंबीसारखे किडे, त्या नव्या शेवाळावर टिकतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

"बाळंतपणाचं घर हे, आणि तुम्ही दर्या उचलून आणलात," त्याची बायको हुस्नबानो म्हणाली. तिला सातवा लागला होता.

दोन्ही शेवाळं त्याने टाकीत शेजारी शेजारी बांधली. पहिल्या दिवशी आपल्या शेवाळावर एकशे बारा जीव मोजले. दुसऱ्या दिवशी झाडून सगळे नव्यावर. आसरा आवडला म्हणायचा! तिसऱ्या दिवशी त्याने ते नवं शेवाळ बशीत झटकलं, भिंगाखाली पान न् पान तपासलं. एकही जीव नव्हता. टाकीच्या तळाशी शंख नाही, कात नाही. शेवाळ मात्र वीतभर वाढलेलं.

त्याच दुपारी कामाला येणारी नंदाबाई चुलीपासून म्हणाली, "सायेब, गूळ कालपासनं उघडा हाय. येक मुंगी न्हाई."

"औषध टाकलं असेल कुणी."

"कोन टाकनार? माशी न्हाई. भितीवरली पाल बी कुटं गेली."

कुंपणापलीकडे भाताच्या खाचरांत किड्यांची किरकिर कान किटवत होती. अलीकडे काही वाजत नव्हतं. त्याने परसातले दगड उलटले. गांडूळ नाही, वाळवी नाही. खुडूक कोंबडी अंडी सोडून कुंपणावर बसली होती. त्याने एक अंडं फोडलं.

आत नुसतं नितळ पाणी. त्याला समुद्राचा वास आला.

"अहो." हुस्नबानो दारात उभी होती, हात पोटावर. "सकाळपासून हललं नाही."

तो धावला. शेवाळ उपसून चुलीत कोंबलं, वर रॉकेल ओतलं. ओलंगच्च असूनही ते भसकन पेटलं. धूर झाला नाही.

नंदाबाई सुईणीला आणायला गेली. तो बायकोशेजारी जमिनीवर बसून राहिला.

"हललं!" ती रडत हसली. "बघा ना."

त्याने तळहात टेकवला. हालचाल होती. पण लाथ नव्हती. आतलं काहीतरी सावकाश एका कुशीकडे झुकत होतं, थांबत होतं, मग दुसऱ्या कुशीकडे.



"घसा सुकलाय," हुस्नबानो म्हणाली. "पाणी द्या. मीठ टाकून."