पहिल्या रांगेत बसलेला माणूस

आधी कपाळावरचे ते पिवळे कागद काढा बघू. हो, तुम्हालाच म्हणतोय. मांडवात सिनेमा बघताना त्यातल्या उड्या मारणाऱ्या मुडद्याचा कागद लावून उड्या मारल्यात, ठीक आहे, ती तुमच्या ह्या सिनेमाच्या क्लबाची हौस. पण ह्या ताम म्हाताऱ्याच्या टपरीवर पेज प्यायला बसायचं तर कपाळ मोकळं पाहिजे. एवढा एक नियम पाळा, मग वरून आल्याचे तुकडे हवे तेवढे मागा.

आणि काय रे चष्मिष, मघापासून तुझी कुरकुर ऐकतोय. म्हणे, एवढी गर्दी, आम्ही दोन तास मागे उभे, आणि पहिली रांग आख्खी रिकामी! सातव्या महिन्यात मेलेली माणसं परत येतात, पहिली रांग त्यांची असते, हे तुझ्या आजीने सांगितलं नाही? सांगितलं असेल, तूच कानात बोळे घालून बसला असशील. पण पूर्वी तिथे नुसत्या उदबत्त्या लावायचे. दोरी बांधायला लागले त्याला दोनच वर्षं झाली. का बांधली, ते ऐकायचंय? मग पेज जरा निवू दे.

गोष्ट फुंगची आहे. फुंग मी दिवे धरायचो त्या स्टुडिओतला मेकअपवाला. तुम्ही बसलात त्याच बाकावर बसून त्याने मला ती तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. थापा मारणं त्याला कधी जमलंच नाही. जमलं असतं तर तो मोठा माणूस झाला असता.

दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्याची चौदावी रात्र, शनिवार. तुमच्याच क्लबाच्या पोरांनी फुंगला काम सांगितलं होतं. “काका, यिप साहेबांना तेवढं घेऊन याल का? तुमची जुनी ओळख आहे.” यिप म्हणजे ह्याच सिनेमाचा दिग्दर्शक. वय ब्याऐंशी, एक डोळा गेलेला, दुसऱ्याने अंधुक दिसायचं. फुंगने पुतण्याची गाडी काढली, साहेबांना आवडतात म्हणून अंड्याचे टार्ट घेतले आणि सव्वादहाला खाडीपलीकडे कवलूनला त्यांच्या दारात उभा राहिला.

“फुंग्या, तू अजून जिवंत? मला वाटलं तुझ्याच कपाळावर कागद लागला असेल.”

“तुमचा नंबर आधी, साहेब.”

म्हातारा खूश झाला. गाडीत बसल्या बसल्या दोन टार्ट खाल्ले, चुरा पुतण्याच्या गाडीत सांडला. बोगदा मागे पडल्यावर फुंगने विषय काढला. “साहेब, आज पोरं तुमच्या हातात माईक देतील. आ-कुनचं सांगून टाका.”

“काय सांगू?”

“खरं काय ते. लान येते दर वर्षी. तिला कळू दे.”

आता हा आ-कुन कोण? तुम्ही सगळे त्याला ओळखता. मोक कुन. छपरावरून उड्या मारत येतो, धाडकन लोणच्याच्या रांजणात पडतो, बाहेर राहिलेले पाय तीनदा झटकतो, तो मुडदा. ज्याला बघून तुम्ही आज लोळून लोळून हसलात, तोच. शहाऐंशी साली तो एकोणतीस वर्षांचा होता. उंचावरून पडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. घरी बायको आणि दोन वर्षांची लेक, लान.

मंतरलेला पिवळा कागद कपाळावर असला की मुडदा बांधला जातो, निघाला की सुटतो, असं मानतात; म्हणून आमच्या सेटवर एक रीत होती. मुडद्याचं काम करणाऱ्याच्या कपाळावर ज्या हाताने कागद लावला, त्याच हाताने तो काढायचा. शॉट संपला की लगेच. कागद काढायचा, लाल पाकिटात शकुनाचे पैसे द्यायचे, खांद्यावर थाप मारून नावाने हाक मारायची, “ऊठ, काम झालं, घरी जायचंय.” मेल्याचं सोंग अंगात राहू नये म्हणून. कितीही घाई असली तरी ही रीत कुणी मोडत नसे. तो कागद लावणारा आणि काढणारा हात फुंगचा होता.

त्या शॉटच्या रात्री त्याला बांधलेली तार तुटली. आ-कुन रांजणात पडला तो थेट डोक्यावर. रांजण फुटला आणि बाहेर राहिलेले पाय तीनदा झटकले. सगळा सेट हसला, सगळ्यांना वाटलं, काय काम करतोय पठ्ठ्या! फुंग कागद काढायला धावला तर यिप ओरडला, “हात लावू नका! सुरू ठेवा!” मग कॅमेरा फुटलेल्या रांजणाजवळ नेऊन चेहऱ्याचा शॉट घेतला. मग दुसऱ्या बाजूने घेतला. बऱ्याच वेळाने कुणीतरी आ-कुनची नाडी बघितली.

मी कुठे होतो म्हणता? मी वर मचाणावर दिवा धरून बसलो होतो. खालचं मला दिसलं नाही. हसू ऐकू आलं, म्हणून मीही हसलो. अजून लाज वाटते मला त्याची.

घरच्यांना सांगितलं, काम संपल्यावर दारू पिऊन जिन्यावरून पडला. आम्ही सगळे गप्प बसलो. पोटं होती आमची. आणि तो शॉट सिनेमात तसाच राहिला. सिनेमा तेव्हा आपटला, चार दिवस चालला नाही. पुढे तुमच्यासारख्या खुळ्यांनी तो उकरून काढला आणि डोक्यावर घेतला.

लान त्याच शॉटसाठी येते. तिच्याकडे बापाचे फोटो आहेत दोन, तेही धूसर. हलणारा बाप तेवढाच. मी एकदा तिला विचारलं होतं, “पोरी, मुडदे उठतात ते बघायला तुला भीती नाही वाटत?” तर म्हणाली, “काका, जगात कुणाचा बाप असा दर वर्षी उठतो?” मला वाटतं, हे असले सिनेमे चालतात ते ह्याचमुळे. आपला माणूस उठावा असं प्रत्येकाला वाटतं, आणि खरंच उठला तर काय, ह्या भीतीने फाटते. म्हणून मग हसायचं.

तर गाडीत यिप म्हणाला, “त्या माणसाला मी अमर केलं. तिच्या बापाला शेकडो लोक टाळ्या वाजवतात, ते तू हिसकावून घेणार? मी मेल्यावर सांग काय सांगायचं ते.” मग टार्टचा कागद चुरगाळत हळूच म्हणाला, “आणि कागद कुणाच्या हाताने लागला होता रे, फुंग्या?”

फुंगने गाडी तशीच पुढे दामटली. तो मला म्हणाला, “ताम, अडतीस वर्षांत मला एवढा राग आला नव्हता. हात स्टिअरिंगवर होते म्हणून बरं.”

अकरा वाजून पाच मिनिटांनी ते मांडवात पोचले. पहिल्या रांगेपुढे राखेच्या डब्यात उदबत्त्या जळत होत्या, खुर्च्यांवर एकेक संत्रं ठेवलेलं. पोरांनी साहेबांसाठी दुसऱ्या रांगेत लाल उशीची खुर्ची मांडली होती. लान तिसऱ्या रांगेत होती, हातात चहाचा थर्मास. “फुंग काका, आलात? बाबांचा सीन चुकेल म्हणून मी धावत आले.”

यिपने अंधारात हात चाचपडत विचारलं, “माझी जागा कुठली?”

फुंगने त्याचा दंड धरला. लाल उशीची खुर्ची ओलांडली. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवरचं संत्रं उचललं आणि म्हणाला, “इथे बसा, साहेब. इथून छान दिसतं.”

मुद्दाम, हो. चुकून नाही. फुंगनेच सांगितलं मला. ज्या माणसाने आयुष्यभर डास मारला नाही, त्याने हे केलं. मागच्या दोन म्हाताऱ्या चुकचुकल्या, एक तर उठून घरी गेली. पोरांना वाटलं, पाहुण्यांचा मान असेल. 

सिनेमा सुरू झाला. पोरं हसत होती, संवाद आधीच ओरडत होती. यिपही मजेत होता, मांडीवर थापा मारत होता.

बारा वाजून सतरा मिनिटं. आ-कुन छपरावर आला. उडी... उडी... धाडकन रांजणात. मांडव हसून फुटायचा बाकी राहिला.

पाय झटकले. एकदा. दोनदा. तीनदा.

मग चौथ्यांदा.

फुंग खुर्चीतून पुढे वाकला. तो शॉट त्याला पाठ होता. चौथं झटकणं त्यात नाही. कधीच नव्हतं.

पाचव्यांदा. सहाव्यांदा. पोरं अजून हसतच होती, पण जरा कमी.

मग जवळून चेहरा. कपाळावर कागद. कागद हलत होता... आतून कुणी फुंकर मारावी तसा. हसू थांबलं. पुढच्या उदबत्त्या एकदम विझल्या. सगळ्या.

ठप्प.

पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला. फळ्यांवर कुणीतरी दोन्ही पायांनी उडी मारली होती.

ठप्प.

एक खुर्ची अलीकडे. संत्रं गडगडत खाली पडलं.

ठप्प...

“कट,” यिप म्हणाला.

कुणी हललं नाही.

“कट! कट म्हणतोय ना! बंद करा!”

ठप्प.

आता आवाज त्याच्या शेजारी. नंतर शांतता... आणि त्या शांततेत म्हाताऱ्याचा आवाज. लहान झालेला. शाळेत मास्तरांपुढे उभ्या केलेल्या पोराचा असावा तसा.

“मला माहीत होतं... पाय हलत होते तेव्हा तू जिवंत होतास. मी बघितलं होतं. शॉट चांगला येत होता, म्हणून मी म्हणालो... हात लावू नका... सुरू ठेवा...”

पडदा काळा झाला. कुणीतरी दिवे लावले.

पहिल्या रांगेत यिप एकटाच होता. पाठ ताठ. दोन्ही हात समोर, सरळ लांब केलेले. धड डोळा उघडा, बुबुळ फिरत होतं. जिवंत होता. आणि कपाळावर पिवळा कागद. तुमच्या क्लबाचा छापील नव्हे. हाताने रंगवलेला, कडा पिकलेल्या, भाताच्या खळीने चिकटवलेला. फुंगने आपल्या हातचं काम ओळखलं. त्याचा हात आपोआप कागदाकडे गेला. जी रीत अडतीस वर्षांपूर्वी राहिली होती, ती आता तरी पाळावी म्हणून.

“हात लावायचा नाही.”

लान बोलली होती. मागे उभी, थर्मास छातीशी धरून.

“लान, अगं, जिवंत आहे तो...”

“माझे बाबाही होते.”

फुंगचा हात तिथेच थांबला. दुसऱ्यांदा थांबला, असं तो म्हणाला. पोरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ती यायला पस्तीस मिनिटं लागली. तोवर एवढ्या मांडवात एकानेही कागदाला हात लावला नाही. यिपचं बुबुळ एकेका माणसाकडे फिरत होतं, आणि ज्याच्याकडे फिरलं तो मान खाली घालत होता. लानने एकदाही मान वळवली नाही. शेवटी ती काळ्या पडद्याकडे तोंड करून म्हणाली, “बाबा, उठा. काम झालं. घरी जायचंय.”

ॲम्ब्युलन्सवाल्याला ह्यातलं काय माहीत? त्याने आल्या आल्या कागद टराटरा काढला. यिपचे पाय तीनदा झटकले. तेवढंच. डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. वय झालं होतं, कुणाला नवल वाटणार?

फुंग गेल्या हिवाळ्यात गेला. लान अजून येते, आजही आली होती. तिसऱ्या रांगेत बसते, त्या शॉटला हसत नाही, रडतही नाही.

घ्या, पेज निवली.

काय रे चष्मिष, तुझ्या सदऱ्यावर जे चित्र छापलंय ते त्याच शॉटचं ना? आ-कुनचा जवळून चेहरा. दहा वर्षांपूर्वी क्लबाने फिल्मवरूनच काढलं होतं ते. बघ, कपाळावर कागद आहे? आहे.

आता आठव, मघाशी पडद्यावर काय पाहिलंस. त्या रात्रीपासून जिथे जिथे हा सिनेमा लागतो, तिथे तसंच दिसतं. क्लबाने फिल्मचे मूळ डबेही उघडून बघितले. त्यातही तसंच. कपाळ मोकळं आहे.