हाफनरच्या विहिरीचे नमुने

१९५८च्या मे महिन्यात जबलपूरच्या म्युनिसिपालटीत हेमलताकडे एकच काम होतं: गोहलपुरातल्या हाफनरच्या विहिरीचं पाणी तपासून अहवाल द्यायचा. पाणी चांगलं निघालं तर बंद पडलेली विहीर मोहल्ल्याला पुन्हा खुली होणार होती. हेमलता रसायनशास्त्रातली बीएस्सी, नेमणूक हंगामी. तीन दिवसांत तीन नमुने आणले, तिन्ही तासाभरात फसफसले. बुचं उडाली. खोलीभर आंबलेल्या सातूचा वास.

"बाटल्या नीट धूत जा," तिचे साहेब रत्नाकरजी म्हणाले. "राजधानी नागपूरला होती तेव्हा कागद उशिरा गेलेले चालायचे. आता भोपाळला चालत नाही. आज रिपोर्ट द्या, नाही तर उद्यापासून दुसरा माणूस पाहतो."

धूत जा म्हणे! बाटल्या तिनं तास-तासभर उकळल्या होत्या. तुलनेसाठी नेलेली, विहिरीवर उघडलीही नव्हती ती शुद्ध पाण्याची बाटलीसुद्धा फसफसली होती.

ती तणतणतच पुन्हा विहिरीवर गेली. राखणदार नथ्थू कडुलिंबाखाली बसला होता.

"आल्या का बाई पुन्हा? बिनापुसता पाणी काढून राहिल्या, मग कसं जमंल?"

"कोणाला पुसू, भैया?"

"साहेबाले."

साहेब म्हणजे लुडविग हाफनर. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी जर्मनीतून आला, छावणीतल्या गोऱ्यांसाठी इथं बिअरचा कारखाना काढला. पटकीच्या साथीत त्यानं ही विहीर लोकांना खुली केली आणि त्याच पुण्याईवर म्युनिसिपालटीत निवडून गेला. कारखान्यात त्याचा नियम एकच: बिअरचं पिंप बाहेर पडण्याआधी पहिला घोट त्याचा. मेंबर झाल्यावर शहरातल्या विहिरींनाही त्यानं तोच नियम लावला.

"मेला ना तो!"

"हो. माझा आजा होता त्याच्या मातीले. चलो, पेला तर ठेवू द्या. काहून जिद्द करता?"

नथ्थूनं काचेचा पेला भरून कठड्यावर ठेवला. हेमलता घड्याळ पाहत उभी राहिली. असल्या खुळापायी नोकरी जायची वेळ आली होती.

वारा नव्हता.

पेल्यातलं पाणी बोटभर उतरलं. काचेवर फेसाची एक कडी राहिली.

तिनं पेल्याखाली हात घालून पाहिलं. कठडा कोरडा होता.

पाणी पुन्हा उतरलं. दुसरी कडी.

तिसरी.

"घ्या आता," नथ्थू हळूच म्हणाला.

हा नमुना संध्याकाळी पाचपर्यंत नितळ राहिला. फेस नाही, वास नाही. हेमलतानं अहवालात लिहिलं, 'पिण्यास योग्य'. शेवटचा रकाना होता: नमुना घेताना हजर व्यक्ती. तिनं 'दोन' लिहिलं.

रत्नाकरजी खोडाखोड खपवून घेत नसत. पण खोट्या आकड्याखाली तिला सही करवेना. तिनं तो खोडला आणि 'तीन' लिहिलं.