जिझोरची दुसरी भिंत

"हा पाव माझा नाही."

गावभट्टीच्या दारात, भुरभुर पावसात एक उंच तरुण उभा होता. केसांत चुन्याची पूड, हातात गरम पाव. ओडलीनने मान वर केली नाही. जिझोरमधली साठ घरं तिच्या भट्टीत पाव भाजून घेत. कणकेवर ज्याची त्याची खूण असायची. खूण बघून पाव द्यायचा, हे वडिलांमागे तिचंच काम होतं.

"खूण तुमचीच ना? बाण आणि खाली आडवी रेघ?"

"खूण माझीच. पण हा मऊ आहे. मी मळलेला पाव मऊ होणं शक्य नाही."

आता मात्र तिने वर पाहिलं... आणि हसू दाबायला तिला ओठ चावावे लागले.

तो तिबो, किल्ल्याच्या कामावर आलेला पाथरवट. घडवलेल्या दगडावर पाथरवट आपली खूण कोरतो, तीच या पठ्ठ्याने कणकेवरही कोरली होती. ती खूण गावात तीन पिढ्या म्हाताऱ्या रिशोबाईंच्या घरची आहे, हे त्याला कोण सांगणार? तेवढ्यात रिशोबाईच त्याचा पाव घेऊन आल्या.

"ओडलीन, माझे दोनच दात उरलेत गं. तेही पाडायचेत का?"

त्या गेल्यावर ती म्हणाली, "पिठात पाणी मोजून घालता की नाही?"

"चुन्याला लागतं तेवढं घालतो."

"मग भिंतीतच बसवा तुमचा पाव. आणि खूण बदला."

"दोन वर्षं दगडांवर हीच कोरतोय. रिशोबाईंनाच बदलायला सांगा ना."

"तुम्हीच सांगून बघा. मी इथून ऐकते."

त्याने खूण बदलली नाही, कणीक मात्र भट्टीवर येऊन मळू लागला. ती शिकवायची, तो मुद्दाम चुकायचा. मग तिला त्याच्या हातावर हात ठेवून दाखवावं लागायचं... अशी हिवाळ्यापासून वसंतापर्यंत बरीच कणीक मळली गेली. मनातलं मात्र दोघांपैकी एकानेही ओठांवर आणलं नाही.

आणि मग राजांचा तह झाला. फ्रान्सच्या राजाने जिझोर नॉर्मंडीच्या ड्यूकला देऊन टाकलं. सीमेवरच्या गावाला त्याचं काय नवल! ओडलीनच्या आईच्या बारशाला एक धनी होता, लग्नाला दुसरा. लोकांनी पेटीतलं जुनं निशाण काढून झटकलं आणि टांगलं. पण दवंडीतलं पुढचं वाक्य ओडलीनच्या काळजात घुसलं. राजाच्या कामावरच्या परगावच्या माणसांनी शनिवारी दुपारच्या घंटेआधी गाव सोडावं.

"शनिवारी गाड्या निघतायत," तिबो म्हणाला.

"हो का," ती म्हणाली. "वाटेला पाव लागतील. चार देते."

"बस... एवढंच?"

"पाच देते."

तो वळून निघून गेला. ओडलीनला स्वतःचाच राग आला. त्याने विचारलं नाही, मग आपण का सांगायचं, म्हणून ती ताठ राहिली होती. आता तो ताठा रडवत होता.

शनिवारी घंटा वाजू लागली तशी ती पेटती भट्टी टाकून पॅरिस दरवाज्याकडे धावली. गाड्या निघाल्या होत्या. एकेका गाडीत ती डोकावली. तिबो नव्हताच.

"तो? तो तर पहाटेच गेला," शेवटच्या गाडीवरचा म्हातारा पाथरवट म्हणाला.

उशीर झाला होता. ती परत वळली, आणि वेशीच्या बुटक्या भिंतीवर दोरीने माप घेत कुणीतरी बसलेलं दिसलं. केसांत चुना.

"तुम्ही गेला नाहीत?"

"पहाटे नव्या किल्लेदाराकडे गेलो. म्हटलं, धनी, नदीकडची भिंत आम्ही उंच केली ती नदीपलीकडच्या तुमच्या भीतीने. आता राजा इकडून येणार, आणि इकडची भिंत बकरीसुद्धा ओलांडेल. त्यांनी ठेवून घेतलं."

"राजाचं मीठ खाऊन?"

"राजाला मी ठाऊक तरी आहे का? भिंतीच्या आत कोण राहतं, तेवढं मी बघतो."

ओडलीन मटकन तिथल्या दगडावर बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतोय, असं तिला वाटलं.

"किती दिवसांचं काम?"

"दहा वर्षांचं. रमतगमत केलं तर बारा."

"मग त्या दिवशी बोलायला काय झालं होतं?"

"तू थांब म्हणशील म्हणून वाट बघत होतो. तू पाव मोजत बसलीस."

त्याने पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं. तिने डोळे पुसले.

"थांब," ती म्हणाली. "...आणि बारा वर्षांत धनी पुन्हा बदलला तर?"

"तर नदीकडची भिंत आणखी उंच करू."

"माझ्याने तेवढं थांबवणार नाही. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचावी लागतात." ती उठली, त्याचा चुन्याने माखलेला हात धरला आणि चालू लागली. "पाद्रीबुवा घरीच असतील. उद्या पहिला रविवार आहे."