न मिटलेली खुर्ची

ही हकीकत घडलेली आहे. जिच्यावर गुजरली ती दिलिनी विजेकोन आजही कोलंबोहून उड्डाणं करते, म्हणून विमान कंपनीचं नाव लिहीत नाही. जून महिन्यातला मंगळवार. दुपारचं कोलंबो-माले विमान.

बाहेर लख्ख ऊन होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

दिलिनी केबिनप्रमुख. बरोबरच्यांच्या रोजच्या कामाचे फोटो काढायचा तिला नाद. उभ्याउभ्या गिळलेला भात, साडीच्या निऱ्यांत टोचलेल्या पिना, सुजलेले घोटे. प्रवाशांना जे दिसत नाही ते सगळं.

त्या दिवशी तिचा सहकारी रुवन विमानाच्या मागच्या बाजूला, भिंतीतल्या खुर्चीवर घरचं भाताचं पाकीट उघडून बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी; तिथली नवी मुलगी पुढे प्रवाशांना चहा देत होती. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत तिथे हंसमाली बसायची.

दिलिनीने कॅमेरा उचलला.

"अक्का, पुरे की! मी काय नवरदेव आहे?"

"नवरदेव अशी बोटं चाटत नाहीत. खा गुपचूप."

तिने फोटो पाहिला. रुवन झकास आला होता. शेजारची खुर्ची मात्र... खाली होती.

तिने मान वर केली. खुर्ची भिंतीला मिटलेली.

"ही तू खाली केली होतीस?"

"स्प्रिंग आहे, अक्का. उठलं की आपोआप मिटते. कुणी बसल्याशिवाय खाली राहीलच कशी?"

दुसरा फोटो.

पुन्हा खाली. गादी दबलेली...

आणि तेवढ्यात आवाज आला. खट्!

रुवनचा घास हातातच राहिला. खुर्ची हललीही नव्हती. आवाज मात्र ओळखीचा होता. कुणीतरी उठल्याचा.

दिलिनी विमानाच्या पुढच्या भागात निघून गेली. तिला आठवायचं नव्हतं.

हंसमालीला त्या दिवशी ताप होता. राखीव कुणी नव्हतं, आणि चौघांतलं एक कमी झालं तर विमान उडणार नव्हतं. दिलिनीने तिला दोन गोळ्या दिल्या आणि नेलं. डेंग्यू होता. सहाव्या दिवशी पोर गेली.

ती इस्पितळात असतानाच चौकशी झाली. दिलिनीने लिहून दिलं : 'ताप असल्याचं तिने मला सांगितलं नाही.' भिंतीला डोकं टेकून बसलेल्या हंसमालीचा फोटोही तिने कॅमेऱ्यातून पुसला. अंत्यविधीच्या दिवशीच कंपनीचं पत्र मुलीच्या वडिलांच्या हाती पडलं : तुमच्या मुलीने आजार लपवला.

विमान उतरायला लागलं. सगळे जागेवर बसले. मागून विमानातल्या अंतर्गत फोनवर रुवनचा फोन आला, "मागे सगळं तयार, अक्का." दिलिनीने फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला.

तिने उचलला. आधी नुसता श्वास... जड, तापलेला. मग अगदी हळू :

"अक्का, अंग फार तापलंय. मला उतरू द्या ना."

आणि दिलिनीच्या तोंडून, तिने न ठरवता, त्या दिवशीचंच उत्तर निघालं, "मालेपर्यंत कळ काढ, हंसमाली. तुझ्या एकटीपायी विमान थांबवू का?"

शेजारच्या खुर्चीवर बसलेली सहकारी निपुणी तिच्याकडे वळली.

"अक्का... म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं होतं?"

मालेला उतरल्यावर दिलिनीने रुवनला विचारलं. त्याने एकदाच फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी तिने जबानी बदलून दिली. साहेब म्हणाले, "प्रकरण मिटलंय बाई. आता कशाला उकरता?" मग ती कुरुनेगलाला, हंसमालीच्या गावी, तिच्या वडिलांकडे गेली आणि उंबऱ्यात उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तिच्या चितेपाशी मी तिला लबाड म्हणालो, बाई," तो म्हणाला. "हे आता मी कुणाला सांगू?"

त्याने दार लावून घेतलं.

फोनवर कोण होतं, हे दिलिनीला आजही कळलेलं नाही. पण झोप उडते ती वेगळ्याच प्रश्नाने : निपुणी शेजारी नसती, तर आपण कुरुनेगलाला गेलो असतो का?