कोरडं वजन

हात धरायचा एकीचा आणि बघायचं दुसरीकडे, हे कुठलं वागणं? मोठ्याबाईंना धाकट्या डॉक्टरांचं हे मुळीच पटत नसे. आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसला यायच्या. मशीनला जोडण्याआधी धाकटे डॉक्टर त्यांचा डावा हात घ्यायचे. सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रिया करून फुगवलेली नस होती त्या हाताला. तिच्यावर दोन बोटं ठेवायची, आत मांजराच्या गुरगुरीसारखी थरथर लागते का ते बघायचं... आणि डोळे? डोळे सरळ सिस्टरकडे!

बरं, बघतोस तर बोल. तेही नाही!

तीन वर्षं चालली होती ही तऱ्हा. मूत्रपिंडाचं खास शिक्षण घ्यायला हे विद्यापीठाच्या रुग्णालयात आले आणि पहिल्याच दिवशी व्याख्यानाची खोली शोधता शोधता चुकून इथं शिरले. शिरले ते नेमके मोठ्याबाईंच्या मशीनच्या नळीवर उभे राहिले. मशीनने बोंब ठोकली, डॉक्टर भांबावून एकेक बटण चाचपू लागले. तेव्हा या सिस्टरने त्यांना दंडाला धरून बाजूला केलं होतं.

"एवढं शिकलात, डॉक्टर... पाय कुठं ठेवायचा तेवढं राहिलं वाटतं?"

त्या दिवसापासून डॉक्टर या खोलीत खाली बघून येत, आणि मान वर केली की अडकत.

"नुसता कोरडा माणूस," मोठ्याबाई घरी सुनेला सांगत. शाळेत त्या दोनच इयत्ता शिकल्या होत्या, पण पाच पोरं वाढवली होती. माणूस वाचायला त्यांना चष्मा लागत नसे.

आज मात्र मोठ्या डॉक्टरांनी येऊन बातमी फोडली. धाकटे परीक्षेत पहिले आले होते. दूरच्या शहरात नवा विभाग उघडायचा होता, सोमवारी तिथं हजर व्हायचं. म्हणजे या खोलीतला हा शेवटचा दिवस.

"अभिनंदन हं," सिस्टर मास्कआडून म्हणाली. आवाज अगदी सरळ. मोठे डॉक्टर पुढच्या खोलीत गेले, आणि ती रक्तदाबाचा पट्टा घेऊन मोठ्याबाईंच्या हाताला गुंडाळू लागली.

डाव्या हाताला!

नसेच्या हाताला पट्टा आवळायचा नाही, नस बंद पडेल — हे नव्या मुलींना दरडावून शिकवणारी हीच.

डॉक्टरांनी झटकन पट्ट्यावर हात ठेवला. तिची बोटं खालीच राहिली.

"सिस्टर... डावा हात."

"हो... डावाच की."

कुणीच हात काढेना.

"हात माझा आहे," मोठ्याबाई म्हणाल्या, "एवढं लक्षात असू द्या म्हणजे झालं."

दोघं चटका बसल्यासारखे दूर झाले. अस्सं! म्हणजे टाळी एका हाताची नव्हती तर. आणि हा बाबा सोमवारी चालला होता, तोंड शिवून.

"डॉक्टर, कुठंतरी पाणी मुरतंय हो इथं."

डॉक्टर ताबडतोब वाकले. त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबून पाच मोजले, खळगा पडतोय का पाहिलं. "सूज तर नाही. दम लागतो? झोपताना उशा किती घेता?"

सिस्टर भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होती, खांदे मात्र हलत होते. मोठ्याबाईंनी कपाळाला हात लावला. तीन वर्षं मूत्रपिंडांत काढल्यावर माणसाला म्हणीतलं पाणीसुद्धा पायातच दिसणार!

"तुमचं कोरडं वजन पुन्हा ठरवू या," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "अंगातलं जादा पाणी काढल्यावर जे उरतं ना, तेच खरं वजन."

"माझं राहू द्या. तुमच्या पोटात तीन वर्षं जे साठलंय, ते काढा आधी. मी डोळे मिटते."

मिटले. एक जरासा उघडा ठेवला.

डॉक्टर मशीनच्या बाजूला दोन पावलं सरकले.

"सिस्टर... तिकडे नवा विभाग आहे. बारा मशीन. चांगली सिस्टर... म्हणजे... हवी आहे."

मोठ्याबाई मनात कळवळल्या. मेल्या, नोकरी देतोस?

"मग जाहिरात द्या ना," सिस्टर म्हणाली.

"काय लिहू?"

"पात्रता लिहा."

"पात्रता..." डॉक्टरांनी मान वर केली आणि या वेळी ती खाली घातली नाही. "नळीवर उभ्या राहिलेल्या माणसाला दंडाला धरून बाजूला करता आलं पाहिजे."

"अनुभव?"

"एकदाचा पुरे. मला तेवढाच पुरलाय... तीन वर्षं."

सिस्टरच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि मुदत किती?"

"मुदत नाही. म्हणजे... मी आहे तोवर. तुमची हरकत नसेल तर."

तेवढ्यात, जोडणीआधी नळ्या धुऊन घेणारी मशीन किंचाळू लागली. सिस्टरने खाली पाहिलं.

"डॉक्टर... तुम्ही आत्ताही नळीवरच उभे आहात."

तिने त्यांचा दंड धरला, बाजूला ओढलं, मशीन गप्प केली. दंड मात्र सोडला नाही.

"मग... अर्ज करणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"पात्रता दाखवली ना आत्ता?" तिने मास्क खाली ओढला. हसत होती, डोळ्यांतलं पाणी न पुसता. "अजून काय हवं? शिक्का?"

मोठ्याबाईंनी दोन्ही डोळे उघडले. डावा हात पुढे करून धाकट्या डॉक्टरांची बोटं नसेवर ठेवून घेतली, आणि तीन वर्षं ज्यांना 'तुम्ही' म्हटलं, त्यांना आज पहिल्यांदा आपल्या पोरासारखं झापलं —

"वेंधळा आहेस रे तू, पक्का वेंधळा! पण कोरडा नाहीस."