टाकी रिकामी करून या

"बाटलीत पेट्रोल मिळणार नाही, मॅडम." तलासरीच्या पंपावरचा सुक्या पुन्हा तेच म्हणाला.

"अर्धा लिटर तर हवंय. कॉलेजच्या प्रयोगासाठी. इकडचं पेट्रोल जास्त चालतं की गुजरातचं, ते बघायचंय."

"प्रयोगाला असो नाहीतर पूजेला... बाटलीत नाही म्हणजे नाही."

विनिताने काचेची बाटली पिशवीत परत ठेवली. ती डहाणूच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. हद्दीपलीकडचं, गुजरातच्या पंपावरचं पेट्रोल जास्त चालतं की नाही, यावरून तिच्या वर्गात जोरदार भांडण झालं होतं. भांडू नका, तपासू आणि फेब्रुवारीच्या प्रदर्शनात मांडू, असं ती मुलांना सांगून बसली होती. आणि आता तपासायला पेट्रोलच नव्हतं.

"टाकीत तर देतात ना?" मागून आवाज आला.

मोटारसायकलवर एक तरुण बसला होता. मागे चिकूची रिकामी करंडी बांधलेली. डिसेंबरच्या गार वाऱ्याने त्याचे केस उभे राहिले होते, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"माझ्या टाकीत भरू. मग खालची नळी काढून तुमच्या बाटलीत घ्या. टाकी माझी, प्रयोग तुमचा."

"तुम्हाला कशाला त्रास?"

"मी एरवी पलीकडेच भरतो, मॅडम. तिकडच्या पेट्रोलची गोष्टच वेगळी. तुम्ही ते खोटं ठरवायला निघालात, तर मी हजर नको?"

त्याचं नाव जतीन. सरावलीला घरची चिकूची वाडी, आणि व्यापाऱ्यांकडे त्याची हद्दीपलीकडच्या भिलाडपर्यंत ये-जा. तिथेच, पंपाच्या कडेला, दोघांचं ठरलं. एका शनिवारी अलीकडचं पेट्रोल आणायचं, पुढच्या शनिवारी पलीकडचं. विनिताची अट एकच होती.

"आधी टाकी पूर्ण रिकामी करायची. जुन्यात नवं मिसळलं, तर काहीच कळणार नाही."

"जुनं भावाच्या गाडीत ओतेन. तो आशीर्वाद देईल तुम्हाला."

पहिले दोन शनिवार छान गेले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विनिताने उंच नळकांड्यात पेट्रोल घेतलं, त्यात पाणी घातलं, बूच लावून हलवलं आणि टेबलावर ठेवलं. पाणी खाली बसलं... आणि घातलं होतं त्यापेक्षा वाढलेलं दिसलं.

"पाण्याला पिल्लं झाली?" जतीनने वाकून विचारलं.

"पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. उसापासूनचं. ते पेट्रोल सोडून पाण्यात गेलं."

"इतके दिवस पेट्रोलच्या घरी राहिलं, आणि पाणी दिसताच पळालं?"

"पळालं नाही. त्याचा ओढा आधीपासून पाण्याकडेच असतो. भेट व्हायची होती एवढंच."

बोलून झाल्यावर विनिताला आपलंच वाक्य जरा जास्त वाटलं. तिने चष्मा पुसायला घेतला.

अलीकडच्या पेट्रोलात इथेनॉल जास्त निघालं, पलीकडच्यात कमी. मग तिने दोन काचेच्या बशांत थोडं थोडं पेट्रोल उडू दिलं. एक बशी कोरडी झाली. दुसरीत तेलकट, पुसटसं वर्तुळ उरलं.

"हा कंपनीचा मसाला," ती म्हणाली. "मूळ पेट्रोल पुष्कळदा एकाच डेपोतून येतं. निघताना प्रत्येक कंपनी आपापलं रसायन घालते. टँकरभर पेट्रोलात थोडंसंच."

"म्हणजे डाळ एकच, फोडणी ज्याची त्याची. आणि त्या फोडणीने गाडी पळते?"

"पळत नाही. इंजिनात साचलेली काजळी धुतली जाते, हळूहळू. एका टाकीत फरक कळत नाही. बरेच दिवस... सोबत राहावं लागतं."

"मग राहू की," जतीन म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

निकाल पक्का व्हायला तेच आकडे पुन्हा यायला हवे होते. ते आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी इथेनॉल मधलंच निघालं, चौथ्या शनिवारी आणखी तिसरंच. विनिता कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "पुन्हा करावं लागेल," आणि जतीन अगदी गंभीर होऊन म्हणायचा, "विज्ञानाला घाई नको." प्रयोगशाळेतल्या रामनाथकाकांनी आता त्याचं नावही घेणं सोडलं होतं. शनिवारी ते दारातून नुसतं सांगत, "मॅडम, चिकू आले." आणि विनिताचा हात केसांकडे जायचा.

प्रदर्शन सोमवारवर आलं. त्याआधीच्या शनिवारीही आकडा मधलाच. असे आकडे मुलांच्या हाती देणं तिला शक्य नव्हतं. आणि खरं कारण विचारायचं म्हणजे... उत्तर ऐकावं लागणार होतं. तो नुसताच आळशी निघाला तर?

तिने नळकांडं खाली ठेवलं.

"जतीन, तुम्ही टाकी रिकामी करत नाही."

तो चिकू सोलत होता. हात थांबला.

"पहिल्या दोनदा केली. शपथेवर."

"आणि नंतर?"

"नंतर... अर्धी ठेवायचो."

"भावाच्या गाडीत ओतायचा कंटाळा?"

"नाही." त्याने चिकू बशीत ठेवला. चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं होतं. "निकाल लागला असता, तर पुढच्या शनिवारी इथे काय सांगून येणार होतो? चिकू विकायला? तुम्ही एकटीने किती खाल... तुमचा प्रयोग बिघडवला मी. रागवा. पण मला तुम्ही आवडता, हे आता कुठल्या बाटलीत लपवू?"

दाराबाहेर रामनाथकाकांच्या झाडूचा आवाज बंद झाला.

विनिताने फडकं उचललं. कान गरम झाले होते. तिने टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं.

"उद्या सकाळी या," ती शेवटी म्हणाली. "शेवटचा नमुना घ्यायचाय. टाकीत किती ठेवायचं ते मी मोजून देईन. तलासरीच्या पंपापर्यंत पुरेल इतकंच. मी सोबत येते. तुमचा भरवसा नाही."

रविवारी तिने टाकी उपसली, गाडी लिटरमागे किती चालते ते विचारलं, हिशेब केला आणि मोजून पेट्रोल ओतलं. जतीनने गाडी सुरू केली. गंजाड गाव मागे गेलं, हायवे लागला. मागे बसलेल्या विनिताने एकदा तोल सावरायला त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रस्ता सरळ होता, तरी तो काढला नाही.

पंपाचा फलक दूरवर दिसू लागला, आणि गाडी आचके देत थांबली.

जतीनने उतरून टाकीत डोकावून पाहिलं. थेंब नव्हता.

"मॅडम, तुमचा हिशेब चुकला. अजून किलोमीटरभर आहे."

"चुकला नाही," विनिता म्हणाली. तीही उतरली आणि मागून गाडीला हात लावला. "एक किलोमीटर मीच कमी धरला होता."

तो वळून बघतच राहिला.

"ढकला आता," ती म्हणाली. "हळू. आणि मॅडम नको म्हणू... नावाने हाक मार."