हिरवा गोळा

ही घटना खरी आहे. खोटंच लिहायचं असतं तर मी नेहमीसारखं वर्तमानपत्रात लिहिलं असतं.

ठिकाण बोईसर, एमआयडीसीतला एक गाळा. वेळ भर दुपारची. भुतांना रात्रच लागते, हा माझा समज तिथेच संपला.

गाळा माझ्या धाकट्या बहिणीचा, मेघालीचा. ती काचेची कलाकार. तोंडाने फुंकून काच फुगवते. प्रदर्शनासाठी तिला 'टाकून दिलेली' काच हवी होती. मासवणला सूर्या नदीच्या काठी ती मिळाली...

हिरव्या बांगड्यांचे तुकडे.

कुणाचा तरी नवरा गेल्यावर फोडलेल्या. पाणी वाढलं की वाहून जातील, म्हणून काठावर ठेवलेल्या.

मेघालीने त्या वितळवल्या, पोकळ गोळा फुंकला, त्याचं तोंड बंद केलं. नाव ठेवलं 'सौभाग्य'. मी आणि तिचा नवरा प्रताप, आम्ही टाळ्या वाजवल्या. कलेचं आम्हाला तेवढंच कळतं.

अशी काच बंद भट्टीत हळूहळू निवू द्यावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो. मग ती कधीही तडकते.

त्या दुपारी भट्टीतून आवाज आला...

किणकिण.

भाकरी थापताना हातांतून येते, तशी.

"दादा, आत एकच गोळा आहे," मेघाली म्हणाली. "वाजेल कशावर?"

आणि घाबरून तिने दार उघडलं. वेळेआधी.

गोळा शाबूत होता. पण आतून धूसर व्हायचा... निवळायचा... पुन्हा धूसर.

श्वास घेतल्यासारखा.

काही दिवसांनी रखमा आली. बांगड्या तिच्या. मेघालीला काठावर कोणीतरी पाहिलं होतं.

"बाई, माझी काच द्या. ती पाण्यात गेली नाय, म्हणून तो अजून घरात हाय. खात नाय, बोलत नाय. कोपऱ्यात नुसता श्वास घेतो."

रखमासह आम्ही तिघं नदीवर गेलो. मेघालीने गोळा पाण्यात सोडला.

तरंगला.

पोकळ काच तरंगणारच, मी मनात म्हटलं.

पण तो प्रवाहाच्या उलट आला... आणि मेघालीच्या पायाशी थांबला.

"फोडून टाकू," मी म्हणालो. बांगड्या फोडण्याविरुद्ध मी लेख लिहिलेले आहेत. गाजले होते.

रखमाने माझ्याकडे पाहिलं. "दादा, एकदा फुटल्या त्या माझ्या घरवाल्याच्या नावानं. आता ही काच हिच्या फुंकरीनं झाली. परत फुटली, तर कोणाच्या नावानं?"

प्रताप तेव्हा केमिकल कंपनीत ड्यूटीवर होता.

रखमा रिकाम्या हाताने घरी गेली. त्याच कोपऱ्याकडे.

गोळा आता मेघालीच्या कपाटात, गोधडीत असतो. त्या घरात दार कोणी आपटत नाही. प्रताप हसतो. पण कपाटाजवळून जाताना पाय न वाजवता जातो.

आज दुपारी मेघालीचा फोन आला.

"दादा... तळाला केसाएवढी रेघ आलीये. सकाळी नव्हती."

"प्रताप कुठाय?"

"सेकंड शिफ्टला. फोन लागत नाही."

कंपनीत फोन गेटवरच जमा करतात. मी तिला तेच सांगितलं. तिलाही ते माहीत होतंच.

आणि तिच्या बाजूने आवाज आला...

किणकिण.

मेघाली भट्टीपाशी काम करते. ती बांगड्या घालत नाही.